पिंपातली जागा

“पण मास्तर, लोक हसले की नाही?” लोटारने विचारलं.

हूबर्ट मास्तर बटाटे सोलत राहिले.

जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या त्या गावात कार्निव्हलच्या दिवशी एक माणूस रिकाम्या पिंपात उभा राहतो आणि साऱ्या गावाची यमकांतून टर उडवतो. चाळीस वर्षं ते पिंप मास्तरांचं होतं. गावाची प्रहसनंही तेच लिहीत. आता दम पुरत नव्हता. पिंप कुणाला द्यायचं, हे तेच ठरवणार होते.

लोटार शहरात तीन विनोदी नाटकं गाजवून आलेला. त्याला ते पिंप हवंच होतं. काल तालमीत त्याने लंगड्या बेकरीवाल्यावर कवन म्हटलं, तर लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

“माथियास हसला?” मास्तरांनी विचारलं.

“बेकरीवाले? ते नव्हते तिथे.”

“मग जा, त्याच्या तोंडावर म्हणून ये. आमच्यात आधी तसंच करतात.”

लोटार तरातरा गेला. परतला तेव्हा चेहरा उतरला होता.

“रागावला?”

“नाही... म्हणाले, लंगडा पाय डावा आहे, उजवा नाही.”

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. लोटारला ते चांगलंच झोंबलं.

“उजव्याच्या जागी डावा करतो. झालं?”

मास्तरांनी पुढचा बटाटा सोलायला घेतला.

“पिंप मी सोडणार नाही, मास्तर. काय करू ते सांगा.”

“रोज सकाळी माथियासच्या बेकरीत जाऊन पीठ मळ.”

पठ्ठ्या खरंच गेला. सगळा हिवाळा त्याने पीठ मळलं, पाव भाजले, हात पोळून घेतले. माथियास दर शनिवारी बायकोच्या कबरीवर एक गोड पाव ठेवून येतो, हे त्याला तिथेच कळलं. मग कबरस्तानाची टेकडी चढताना तो म्हाताऱ्याला हात देऊ लागला.

कार्निव्हलचा दिवस आला. सभागृह गच्च भरलं. माथियास पहिल्याच रांगेत बसला होता. पिंपापाशी येऊन लोटार थबकला.

“मास्तर, बाकी सगळ्यांवरचं म्हणतो. त्यांच्यावरचं तेवढं नको.”

“का?”

“तोंडातून निघत नाही हो... ते माझे झालेत.”

मास्तरांना भरून आलं. त्यांनी लोटारचा दंड धरला आणि त्याला पिंपात चढवलं.

“आता त्याच्यावरचंच म्हण. टर आपल्या माणसाचीच उडवायची असते.”