लावलेलं दार

“ह्यात न समजण्यासारखं आहे तरी काय, सर?”

चपला काढायच्या आधीच निरंजनचा प्रश्न खोलीत शिरला. खांबेटेसर मटार सोलत बसले होते. त्यांनीच एकेकाळी त्याला रशियन शिकवलं होतं. त्या रशियनच्या जोरावर पठ्ठ्या आता किर्गिझस्तानातल्या बिश्केकहून पुण्यात आलेल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवत होता, आणि त्याचा ताठाही त्याला होता.

“कशात?”

“आयडेम्पोटेंट! रशियनमध्येसुद्धा शब्द तोच. हळू सांगितला, ओरडून सांगितला, फळ्यावर लिहिला. तरी ती झमीरा पुन्हा हात वर करते. म्हणे, म्हणजे काय? डोकं फिरलं माझं. वर्गाबाहेर काढलं तिला. उद्या नावच कमी करतो.”

सरांनी एक शेंग फोडली...

“मराठीत म्हणजे काय रे?”

“जी क्रिया एकदा वा अनेकदा केली असता अंतिम स्थिती समान राहते, ती.”

“अरे बाप रे,” सर म्हणाले. “दार लाव जरा. धूळ येतेय.”

निरंजननं दार लावलं.

“दार लाव.”

“लावलं, सर.”

“दार लाव, निरंजन.”

म्हाताऱ्याला ऐकू येईनासं झालं की काय? त्यानं उठून लावलेलं दार पुन्हा रेटलं. इथं आपला जीव जळतोय आणि ह्यांना दाराची पडलीय! त्याचे कान तापले.

“दा... र... ला... व!” सर ओरडले. एकेक अक्षर सुटं करून, अगदी फळ्यापाशी उभं राहून ओरडावं तसे.

“अहो, लागलंय ते! लागलेलं दार एकदा लावा नाहीतर शंभरदा लावा, लागलेलंच राहणार! एवढी साधी गोष्ट...”

आणि तो थांबला.

...

“हे उदाहरण द्यायला हवं होतं,” तो पुटपुटला. पण राग काही पुरता उतरला नव्हता. “तरी सर, एकच प्रश्न माणसानं किती वेळा विचारावा? मी काय कमी वेळा सांगितलं?”

सरांनी सालं पदरात घ्यावीत तशी धोतराच्या ओच्यात गोळा केली.

“नाही रे, पुष्कळदा लावलंस,” ते म्हणाले. “आता उघड. झमीरा अजून बाहेरच आहे.”