दवकांद्याची अक्षरं

“म्हणजे... आता दवकांदा नसला... तरी चालेल?” बुवांनी विचारलं.

“तसं नाही, बुवा,” यामिनी म्हणाली. “तो आता कायमचा राहील. मी तेच तर सांगायला आलेय.”

मठाच्या पडवीत बुवा पाठीशी उशी घेऊन बसले होते. एक वाक्य बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागत होतं. समोर यामिनीचा लॅपटॉप उघडा होता. ही बातमी फोनवर सांगायची नाही, असं ठरवून ती पुण्याहून स्वतः आली होती.

सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराच्या, पायथ्याच्या गावातली ही मुलगी. लहानपणी वडिलांचं बोट धरून मठात यायची. बुवांनीच तिला कातळावर पालथं झोपायला लावून दवकांद्याचं फूल पहिल्यांदा दाखवलं होतं. श्रावणात कातळाच्या खळग्यात येणारं, नखाएवढं, निळं. अंगावर दव असेपर्यंतच उघडं राहणारं.

“हात लावायचा नाही. नुसतं बघायचं,” बुवा म्हणाले होते.

ती बघत बसली. बघता बघता शिकली, परदेशी राहून आली, स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. लोक तिला डॉक्टर पेंडुरकर म्हणू लागले. कुठे सत्कार झाला की ती आवर्जून सांगायची, माझे पहिले गुरू कोकणातल्या एका सड्यावर राहतात. सांगताना तिला फार बरं वाटायचं.

मधल्या काळात सडाच गेला. चिरेखाणीची यंत्रं आली आणि कातळ कापून, चिरे काढून घेऊन गेली. मागे राहिले चौकोनी खड्डे आणि त्यांत साचलेलं हिरवं पाणी. दवकांदा यायचा तो याच सड्यावर. दुसरीकडे तो कुणी पाहिलेला नव्हता. बुवांनी यंत्रांपुढून थोडे कांदे उचलून आणले, मठामागे लावले. मातीत ते धरेनात. एकेक करून कुजत गेले.

गेल्या वर्षी यामिनी धावत आली होती ती त्यासाठीच. तिला एक जिवंत कांदा हवा होता. बुवा काही न बोलता मागे गेले आणि कांदा आणून त्यांनी तिच्या ओंजळीत ठेवला.

आता ती लॅपटॉपवर बोट ठेवून म्हणाली, “सगळा वाचला, बुवा. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. त्याचा पूर्ण जीनोम. दवकांदा कसा व्हायचा, हे त्याच्या कणाकणात लिहिलेलं असतं ना, ते सगळं इथे उतरवून घेतलंय. सडा गेला, पण काही हरवलं नाही.”

“वाचून दाखव...”

ती हसली. “ते पोथीसारखं नसतं हो.”

“दाखव...”

यामिनी पुढे सरकली आणि वाचू लागली. “ए, टी, टी, जी, सी, ए, ए, जी, टी...”

बुवांनी हात जोडले, डोळे मिटले. अध्याय ऐकायला बसावं तसे ते बसले. यामिनीला अवघडल्यासारखं झालं. दोन-तीन ओळी वाचून ती थांबली.

“अर्थ?”

“बऱ्याचशाचा अजून लागलेला नाही.”

“श्वासाचं... कुठे लिहिलंय?”

दवकांदा दुधात उकळून दिला की दमेकऱ्याची छाती मोकळी होते, हे आजूबाजूच्या सगळ्या गावांना ठाऊक होतं. यामिनीने त्याच्यावर काम धरलं ते त्याच गुणासाठी.

“ते शोधायचंय. सापडेल, बुवा. पंधरा-वीस वर्षांत एखादं औषधसुद्धा निघेल.”

बुवांनी तिचा हात धरला. उचलून आपल्या बरगड्यांवर ठेवला.

हाताखाली बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि पुन्हा वर येत होत्या. मासळी पाण्याबाहेर काढल्यावर तिचे कल्ले हलतात तशा.

तिला वाटलं, त्यांना आधार हवा असेल. तिने उशी नीट केली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. “हे बघा, या भागात...”

पुढचं बोलायला मिळालं नाही. बुवा एकदम पुढे झुकले. दोन्ही तळवे जमिनीला टेकले, मान ताठली, ओठ काळे-निळे पडू लागले. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

स्वयंपाकघरातून इंदूआक्का धावत आली. मठात दोन वेळचं शिजवणारी ही बाई यामिनीला लहानपणापासून ओळखत होती. तिने बुवांच्या तोंडाशी पंप धरला, पाठ चोळली, पदराने वारा घातला. थोडं उतरल्यासारखं झालं, आणि पुन्हा चढलं.

“पंपाने काय होतंय! काढा द्या ना आधी,” यामिनी ओरडली. “दवकांद्याचा!”

इंदूआक्काने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

“कसलो काढो? शेवटचो कांदो तूच न्हेलंस.”

“...शेवटचा?”

“एकच रवलेलो. थंडीत लागतलो म्हणान वाळूत पुरून ठेवलेलो. तू मागलंस, तेंनी दिल्यानी.” इंदूआक्का पाठ चोळतच होती. “तेंका कोणी इचारल्यान, तुमचा आता काय?”

मठामागे अजून दोन-चार तरी असतील, असंच यामिनी धरून चालली होती.

तो कांदा तिला आठवला. लसणाच्या गड्ड्याएवढा, अंगाला वाळू चिकटलेला. ही वाळू कुठली, असं तिच्या मनात तेव्हाही आलं होतं. मग गाडीची घाई झाली. प्रयोगशाळेत तिने तो स्वतःच्या हाताने गोठवला आणि खलात कुटून त्याचं पीठ केलं. त्याशिवाय आतली अक्षरं बाहेर येत नाहीत. एक काप तेवढा वाढेल म्हणून काचेच्या बाटलीत ठेवला होता. त्याला बुरशी लागली. त्या दिवशी तिने सगळ्यांना सांगितलं होतं, हरकत नाही, आपल्याला हवं होतं ते मिळालंय.

“पुण्याला नेऊ या, बुवा. आत्ता. मोठ्या हॉस्पिटलात. माझ्या ओळखी आहेत.”

बुवांनी मान हलवली. नाही.

“तालुक्याचो डॉक्टर येऊन गेलो,” इंदूआक्का हळूच म्हणाली. “छातीत आता काय उरूक नाय, म्हणालो. काढ्यान नीज तरी लागायची.”

शिट्टी वाजत राहिली. हळूहळू बारीक झाली, थांबली मात्र नाही. इंदूआक्का पाणी गरम करायला आत गेली.

यामिनी मनातल्या मनात कुठे कुठे धावून आली. कुणाच्या परसात एखादा राहिला असेल. एखाद्या वैद्याच्या डब्यात. पण हे सगळं तिने गेल्याच वर्षी धुंडाळलं होतं, आणि कुठेच काही नव्हतं. पडद्यावर अक्षरं तशीच उभी होती, एकही न गळता. ती सगळी पुसून त्या बदल्यात उकळायला एक पाकळी मिळाली असती, तर तिने त्याच क्षणी पुसली असती. तशी ती मिळणार नव्हती.

ती बुवांच्या पायाशी सरकली.

“तुम्ही सांगितलं का नाहीत?”

बुवांनी एक श्वास घेतला, तो पुरा व्हायच्या आत दुसरा घ्यायला लागले.

“मी थांबले असते, बुवा... खरंच थांबले असते.”

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते खरं वाटेना. थांबली असती का? तेव्हाच्या त्या घाईत? तिने चेहरा ओंजळीत झाकला.

“काहीतरी बोला. शिव्या द्या, हाकलून द्या. निदान रागवा तरी माझ्यावर.”

बुवा तिच्याकडे बघत राहिले. त्या डोळ्यांत तिने राग शोधला, नव्हता. क्षमा शोधली, तीही दिसली नाही.

“रागवायला...” ते म्हणाले आणि थांबले. भिंतीला डोकं टेकून त्यांनी पुन्हा हवा ओढली.

“रागवायला... श्वास लागतो, बाय.”