दार अडवणारी बहीण

एकदा एका घाटमाथ्यावरच्या पेठेच्या वेशीबाहेर शंभर बैलांचा तांडा येऊन थांबला. आठ दिवस झाले, तरी त्याला कुणी आत या म्हणेना, की परत जा म्हणेना. तांड्याचा मालक खालच्या बंदरावरचा व्यापारी होता. बैलांच्या पाठीवर मीठ होतं, लोखंड होतं, आणि त्याबरोबर दूरदेशीचं तलम, रंगीत कापड होतं. ते पेठेतल्या कापडापेक्षा निम्म्याने स्वस्त होतं, आणि सगळं दुखणं तिथेच होतं.

पेठेचा कारभारी विसाजी वयाने तरुण होता. नदीकाठच्या वृद्ध गुरुजींकडे त्याने पाच वर्षं अध्ययन केलं होतं. न्याय, नीती, शिष्टाचार असं सारं त्याने मुखोद्गत केलं होतं. पण वेशीचं दार उघडावं की लावावं, हे नेमकं कोणत्याच पाठात आलं नव्हतं.

गुळाचे व्यापारी सकाळी येऊन म्हणत, "कारभारी, वेस उघडा. हे बैल परत जाताना आमचा गूळ नेतील." विणकर दुपारी येऊन म्हणत, "वेस लावून घ्या. ते कापड आत आलं की चाळीस माग थंड पडले म्हणून समजा." दोघांचंही खरं होतं. म्हणून विसाजी दोघांनाही "बघू" म्हणायचा आणि रात्रभर कूस बदलत राहायचा.

विणकरांत त्याची सख्खी बहीण होती. सगुणा पेठेतल्याच विणकराच्या घरात दिलेली. घरात दोन माग, आणि जिभेला तर क्षणाची उसंत नाही. ती भावाच्या ओसरीवर येऊन स्पष्टच म्हणाली, "दादा, तू वेस उघडलीस तर मी माझे दोन्ही माग तुझ्या दारात आणून ठेवीन. मग बस त्यांच्याकडे बघत."

इकडे तांड्याच्या मालकानेही निरोप पाठवला. "उद्या सकाळपर्यंत काय ते कळवा. पलीकडच्या पेठेचे कारभारी मला जकात निम्मी करतो म्हणतात, आणि त्यांच्या पलीकडचे तर पूर्ण माफ करायला निघालेत."

त्या घाटमाथ्यावर अशा सात पेठा होत्या. प्रत्येकीला वाटे, तांडा आपल्याकडेच यावा. म्हणून प्रत्येक कारभारी शेजाऱ्याच्या नकळत जकात उतरवत असे. शेवटी तांडा कुणाकडेही गेला तरी सवलत देणाऱ्याच्या हाती काही उरत नसे. तरी सातही जण एकमेकांना भेटले की कसे छान हसत!

नेमकं त्याच दिवशी विसाजीच्या धाकट्या भावाचं, येसाजीचं लग्न होतं. साती पेठांचे कारभारी मांडवात होते. गुरुजीही आशीर्वाद द्यायला आले होते. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि तिसऱ्या प्रहरी खालच्या बंदराकडची नवी नवरी मैना उंबरठ्याशी आली. उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवलं होतं. आता नवऱ्याच्या बहिणीने दार अडवायचं, नवरीकडून नाव आणि शब्द घ्यायचा, आणि मग नवरीने माप लवंडून आत यायचं, अशी रीत. सगुणा पाच चुलत बहिणींना घेऊन पदर खोचून निघालीच होती. इतक्यात गुरुजी म्हणाले,

"सगुणे, आज दार अडवायचं नाही. तुम्ही सहाही जणी स्वयंपाकघरात जाऊन बसा."

सगुणाचा चेहरा पडला. "गुरुजी, हा माझा हक्क आहे! एकुलती एक बहीण मी. आज नाही तर कधी अडवू?"

"जा म्हटलं ना."

गुरुजींपुढे बोलणार कोण? ती पाय आपटत आत गेली. स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजू लागली. विसाजीलाही राग आला. लग्नघरात बहिणीला असं दुखवायचं? पण गुरूने विचारल्याखेरीज बोलायचं नाही, हे तो शिकला होता.

दार सताड उघडं. वाटेत कुणी नाही. मैनेने आत पाहिलं, मागे आपल्या माणसांकडे पाहिलं, आणि ती होती तिथेच थांबली. येसाजी हळूच म्हणाला, "चल की." ती हलेना. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"वन्सं कुठे आहेत?" तिने विचारलं. "दारात कुणीच नाही. मी आलेली आवडलं नाही का कुणाला?"

मांडवात चुळबूळ सुरू झाली. नवरीचे वडील पागोटं सावरत पुढे आले. तेव्हा गुरुजींनी आत हाक मारली, "सगुणे, ये. अडव आता हवं तेवढं!"

सहाही जणी वाऱ्यासारख्या धावत आल्या आणि हात धरून दारात उभ्या राहिल्या. मैनेच्या चेहऱ्यावर असं हसू फुललं की तिच्या वडिलांनाही हसू आलं.

"नाव घे आधी," सगुणा म्हणाली.

मैनेने मान खाली घालून नाव घेतलं,

"उभा ताणा माहेरचा, आडवा बाणा सासरचा,
येसाजींचं नाव घेते, पदर विणीन दोन्ही घरचा."

"नाव गोड घेतलंस. पण एवढ्यावर नाही सोडायची मी," सगुणा म्हणाली. "तुमच्या बंदराकडे मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंग करतात, धुतला तरी उतरत नाही म्हणे. तो मला शिकवशील तर आत ये."

"शिकवीन वन्सं. पण मलाही शब्द द्या. दर दिवाळीला माहेरी पाठवाल."

"दिला!"

सहा जणींनी हात सोडले. मैनेने उजव्या पायाने माप लवंडलं, तांदूळ घरात पसरले, आणि एकदम सनई वाजू लागली.

संध्याकाळी ओसरीवर पानसुपारी चालली होती. विसाजीने गुरुजींना नमस्कार केला. "गुरुजी, आज तुमचं वागणं मला कळलं नाही. बहिणीला उगाच दुखवलंत."

गुरुजी म्हणाले, "दार मोकळं होतं, तेव्हा ती पोर आत का आली नाही?"

"तिला वाटलं, आपण कुणाला नकोच आहोत."

"आणि सगुणे, तू दार अडवलंस, ते तिला बाहेर ठेवायला?"

"काहीतरीच काय गुरुजी!" सगुणा म्हणाली. "हौसेने आणलेली वहिनी बाहेर कोण ठेवील? पण अडवल्याशिवाय बोलणं कसं होणार? एकदा आत जाऊन कामाला लागली की कोण कुणाला शब्द देतं?"

"मग या पाच जणी कशाला?"

"एकटी असले की दादा एक नारळ हातात देऊन मला गप्प करतो. सहा जणी हात धरून उभ्या राहिलो की मुकाट्याने ऐकून घ्यावं लागतं."

गुरुजी मोठ्याने हसले. "विसाजी, पाच वर्षांत मी जे शिकवायला विसरलो, ते हिने एका वाक्यात सांगितलं. जगाचा माल येतच राहणार. त्याच्यापुढे दार लावून बसलास तर गूळही घरात आणि दारिद्र्यही घरात. दार टाकून निघून गेलास तर जो बळकट असेल तो घरात शिरेल आणि ज्याला बोलता येत नाही तो चिरडला जाईल. राज्य चालवणाऱ्याने दारात उभं राहायचं असतं, ते बोलणं करण्यासाठी. आपल्या घरातल्या दुबळ्यासाठी शब्द मागायचा, पाहुण्यालाही शब्द द्यायचा. एकट्याचं कुणी ऐकत नसेल तर शेजाऱ्यांचे हात धरायचे. मात्र या पोरींना हात कधी सोडायचे तेही ठाऊक होतं. ते विसरलं की दाराची भिंत होते."

पलीकडे बसलेले सहा कारभारी अचानक आपापल्या विड्यांत फारच गढून गेले. विसाजी उठून त्यांच्यामध्ये जाऊन बसला. "कुणी किती जकात उतरवली, ते आज एकमेकांना सांगून टाकू," तो म्हणाला. आधी एकाने दबकत आकडा सांगितला, मग सगळे एकदम बोलू लागले, आणि उठण्याआधी सातांची जकात एकच ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीत सात पागोटी एका रांगेत उभी होती. शेजारी सगुणाही होती. "अडवायचं काम माझं," एवढंच ती म्हणाली.

व्यापाऱ्याने सातही जणांना एकत्र पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला. विसाजी म्हणाला, "मीठ, लोखंड, साधं कापड खुशाल आणा. काठापदराची लुगडी मात्र तीन वर्षं आणू नका. तेवढ्यात आमचे विणकर नवे रंग शिकतील. त्यासाठी तुमचे दोन रंगारी इथे राहतील. आणि बैल रिकामे परत जाणार नाहीत. आमचा गूळ आणि आमची लुगडी घेऊन जातील."

"आणि माझं काय?" व्यापारी म्हणाला. "साती वेशींवर सात वेळा गोण्या सोडायला लावता. बैलांचा जीव जातो. एकदाच काय ते तपासा."

एका कारभाऱ्याने आपल्या नाक्यासाठी बरीच कुरकुर केली. पण बाकीच्या सहांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तोही कबूल झाला. साधं कापड विणणारे आठ माग पुढे थांबणार होते, हे विसाजीला दिसत होतं. त्या आठ घरांना रंगाच्या कामात पहिला मान, हे त्याने तिथेच, सर्वांसमक्ष जाहीर केलं.

व्यापारी हसून म्हणाला, "आठ दिवस मला कुणी काही विचारलंच नाही. मला वाटलं, या गावाला माझ्याशी सोयरीक करायचीच नाही."

सगुणाने पदराआडून तांदळाने भरलेलं माप काढलं आणि वेशीच्या मधोमध ठेवलं. व्यापारी मिशीतल्या मिशीत लाजला, त्याने उजव्या पायाने माप लवंडलं, आणि सगळी पेठ खदखदून हसली. सांडलेले तांदूळ तांड्याच्या पहिल्याच बैलाने चाटूनपुसून साफ केले.

देशाच्या वेशीवर जे उभे असतात त्यांनी पाहुण्याला अवश्य अडवावं. पण अडवायला येताना माप भरून आणावं.