झऱ्याचे तांबडे पाणी

पूर्वी शंखपूर नगरात दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता, आणि बोधिसत्त्व त्याच्या पदरी अमात्य होता. हा राजा सख्ख्या भावाला मारून गादीवर बसला होता. खाई त्याला खवखवे; समोर आलेला प्रत्येक घास त्याला विषाचाच वाटे.

पुढे राजाला अशक्तपणाने घेरले. वैद्य म्हणाला, "डोंगरातल्या झऱ्याचे पाणी प्या, पण तिथे जाऊन प्या." रानात कोणी दबा धरून बसले असेल, या भीतीने राजाने ते पाणी वाड्यावरच मागवले. उत्पला नावाची बाई रोज घडा भरून आणी. झऱ्यावर नितळ असलेले पाणी वाड्यात पोचेपर्यंत किंचित तांबूस होई.

राजाने वाटेवर चौक्या बसवल्या. प्रत्येक चौकीवर शिपाई घडा उघडत, पाणी थाळ्यात ओतून न्याहाळत आणि पुन्हा घड्यात भरून मोहोर लावत. चौक्या वाढल्या, तसे पाणी अधिकच तांबडे येऊ लागले. अखेर राजाने उत्पलेला सुळी देण्याचा हुकूम सोडला.

"महाराज, माझी लेकरंही तेच पाणी पितात," ती रडत म्हणाली. "मी कशाला त्यात काही कालवू?"

"विष कालवणारे असेच बोलतात," राजा म्हणाला.

अमात्य झऱ्यावर जाऊन आला. पाणी वाहून जाई तिथले दगड तांबडे झालेले त्याने पाहिले. परतल्यावर तो म्हणाला, "महाराज, बाई निर्दोष आहे."

"म्हणजे तूही तिला सामील!"

"सामील समजा. उद्या घडा आपणच भरा, आपणच आणा. पाणी नितळ राहिले, तर तिच्या आधी मला सुळी द्या."

दोघे एकदम हाती लागतील, हा मोह राजाला आवरेना. सैन्य घेऊन तो झऱ्यावर गेला, आपल्या हाताने घडा भरला आणि मांडीवर घेऊन रथात बसला. जवळ कोणाला फिरकू दिले नाही. तरी संशय काही जाईना. घटकेघटकेला झाकण काढून तो पाणी पेल्यात ओतून पाही आणि परत घड्यात टाकी. वाड्याच्या दारात सर्वांदेखत त्याने घडा थाळ्यात रिता केला. पाणी लालभडक होते.

अमात्य म्हणाला, "महाराज, या पाण्यात लोखंड विरघळलेले आहे. वारा लागला की ते गंजते. जितके उघडून पाहाल, तितके अधिक. आता सांगा, सूळ कोणासाठी उभा करू?"

राजाने स्वतः उत्पलेच्या बेड्या काढल्या. "बाई, मी तुला मारलेच होते," तो म्हणाला. ती लेकरांकडे निघून गेली.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आपल्या भिक्षापात्राला कोणी हात लावला का, हे कळावे म्हणून रोज खूण करून ठेवणारा हा सुदंत. ज्याच्यावर तो आळ घेतो तो पुण्णक, ती उत्पला होती. अमात्य मीच होतो. परक्या जिवासाठी आपला जीव पणाला लावणे, ही करुणा."

सुदंत उठला आणि पुण्णकाच्या पायांशी जाऊन बसला.