उठवायची पाळी

“पण बुवा, गोळ्या सुटल्या, तर मग माणूस परत का येत नाही?”

रामलिंगबुवा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठला माणूस?”

“मीच.”

विचारणारा सौमित्र पुण्याचा, हुशार मुलगा. अभ्यासात लक्ष लागावं, झोप येऊ नये म्हणून त्यानं गोळ्या सुरू केल्या, मग आपल्याच मनानं वाढवल्या. परीक्षा संपल्या, गोळ्या काही संपेनात. शेवटी डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या हळूहळू सुटल्या. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की मित्र गोळ्यांच्या कितीतरी आधी सुटले होते. आता तो दुपारपर्यंत लोळायचा. जेवणावर वासना नव्हती. फोन वाजलाच, तर उचलून उलटा ठेवायचा. आईनं कुणाकडून तरी या कृष्णाकाठच्या मठाचं नाव ऐकलं आणि त्याला इथं आणून सोडलं.

“गोळी होती तेव्हा मी सगळं एकट्यानं रेटायचो,” तो म्हणाला. “आता साधं उठवत नाही. असंच राहायचं असेल तर... मी परत सुरू करीन, बुवा.”

बुवांचा हात थांबला.

“भीती वाटते?”

“खूप.”

“बरं झालं, बोललास.”

...

“मला वेळापत्रक आखून द्या,” सौमित्र म्हणाला. “कितीही कडक असू दे, पाळीन मी. फक्त माझं मला करू द्या. कुणाला माझा त्रास नको.”

“वेळापत्रक नाही बाबा आपल्याकडं. घड्याळ नाही, घंटा नाही. आपल्या म्हाताऱ्या नागाप्पाला खोकल्यानं पहाटे जाग येते. तो तुला उठवेल. तू मला उठवायचंस. मी बसवंताला उठवतो, बसवंत चूल पेटवतो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

सौमित्रला हसू आलं. एवढ्यासाठी आईनं एसटीचे धक्के खाल्ले होते!

दुसऱ्या दिवसापासून नागाप्पा पाय ओढत त्याच्या खोलीशी येऊ लागले. सौमित्र कुशीवर वळायचा, कण्हायचा. ते हलवत राहायचे. मग तो डोळे चोळत बुवांकडं जायचा आणि त्यांना जागं करून पुन्हा भिंतीला टेकायचा. एका थकल्या म्हाताऱ्यानं आपल्याला बालवाडीतल्या पोरासारखं उठवावं, याची त्याला मनस्वी लाज वाटायची.

म्हणून एका पहाटे तो नागाप्पांच्या आधी उठला. कसा उठला ते त्याचं त्याला ठाऊक. अंग शिशाचं झालं होतं. तरी घाटावर गेला, थंड पाण्यानं अंघोळ केली, पूर्वेकडं तोंड करून बसला. सूर्य वर आला तेव्हा त्याला स्वतःचा अभिमान वाटला. असं वाटून फार दिवस झाले होते.

ऊन चढल्यावर तो मठात परतला. अंगण झाडलेलं नव्हतं. गोठ्यात म्हैस रेकत होती. नागाप्पा पायरीवर धापा टाकत बसले होते, पाय धुळीनं माखलेले.

“आलास व्हय?” ते म्हणाले. “हातरूण मोकळं दिसलं. म्हटलं, पोरगं गेलं निघून. फाट्यापतुर जाऊन बघून आलो... सांगून तरी जायाचं रं.”

सौमित्र काहीतरी पुटपुटला आणि आत गेला. बुवा थंड चुलीपुढं बसले होते.

“बुवा, आज मी माझा मी उठलो. कुणाच्या मदतीशिवाय!”

“दिसतंय. सगळा मठ उपाशी आहे.”

“पण तुम्हाला जाग आलीच ना?”

“आत्ता उन्हानं उठवलं. त्याला काही रीतभात नाही.”

सौमित्रला राग आला. “मला किती बरं वाटलं, ते तरी विचारा!”

“सांग की.”

तो सांगायला गेला. पण डोळ्यांसमोर घाट येईना, नागाप्पांचे पाय येऊ लागले. मित्रही असेच दारापर्यंत येऊन परत गेले असतील, हे त्याला पहिल्यांदा सुचलं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते दाबलं नाही. बुवांनी पाठीवर हात ठेवला.

त्या दिवशी चूल त्यानं पेटवली. धुरानं डोळे चुरचुरले, चहा जरा करपलाच. पहिला कप नागाप्पांना दिला. त्यांनी तो बशीत ओतून कौतुकानं प्यायला.

“उद्या येऊ का रं उठवाय?” त्यांनी विचारलं.

“या ना, आजोबा.”

दुसऱ्या पहाटे सौमित्रला आपोआप जाग आली. उठून बसावंसं वाटलं. तेवढ्यात बाहेर खोकला ऐकू आला. मग पाय ओढत येणारी पावलं...

त्यानं डोळे मिटून घेतले.

खरखरीत हात कपाळावर आला. “ऊठ लेकरा. उजाडाय लागलंय.”

गोळ्यांच्या त्या सगळ्या वर्षांत त्याला इतक्या मायेनं कुणी उठवलं नव्हतं. खरं तर त्यानं कुणाला उठवू दिलंच नव्हतं.

तो बुवांच्या खोलीत गेला. बुवा घोंगडी पांघरून उताणे निजले होते. सौमित्र त्यांच्या पायांशी बसला. मनातलं दडपण त्याला पेलवेना.

“बुवा...” तो कुजबुजला, “आज मी आधीच जागा होतो. आजोबांचा हात येईपर्यंत मुद्दाम डोळे मिटून पडलो. त्या भल्या माणसाला फसवलं मी. चुकलं का माझं?”

...

बुवा डोळे न उघडता म्हणाले, “मला अजून उठवलं नाहीस तू.”