म्हशींचा कौल

फार पूर्वी, बरीचशी गावं अजून वसायची होती त्या काळी, दुष्काळाला कंटाळलेली काही कुटुंबं गुरंढोरं घेऊन एका नदीकाठी आली. पुढे त्यांचा नाईक चालत होता, मागे कडेवर तान्हं पोर घेतलेली त्याची बायको.

त्यांची एक रीत होती. नव्या मुलखात गाई मोकळ्या सोडायच्या आणि दुपारी त्या जिथे रवंथ करत बसतील तिथे घरं बांधायची. गाय ओलीत बसत नाही, मुंग्यांत बसत नाही. कोरडी, वाऱ्याची जागा ती बरोबर शोधते.

नाईकाला मात्र नदीलगतची सखल जागा आवडली होती. माती मऊ, खांब रोवायला सोपे, पाणी दाराशी. गाई सोडल्या. त्या नदीवर पाणी प्यायल्या आणि खडकाळ टेकाडावर जाऊन बसल्या.

"उन्हानं गोंधळल्या बिचाऱ्या," नाईक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने सखल जागेत हिरवा चारा पसरला. गाईंनी चारा संपवला आणि रवंथ करायला पुन्हा टेकाड गाठलं.

मग नाईकाने म्हशी सोडल्या. म्हशी खालच्या चिखलात मानेपर्यंत बसल्या आणि हाकलल्या तरी उठेनात.

"मिळाला कौल!" नाईक गरजला. सगळ्यांनी माना डोलावल्या. चढावर पाणी वाहून न्यायची हौस कोणालाच नव्हती.

नाइकीण तेवढी त्या सखल जागेतल्या बाभळींकडे बघत उभी होती.

"अहो, या फांद्यांत वाळलेलं गवत कोणी अडकवलं? माझ्या डोक्याच्याही वर आहे."

"पाखरांनी."

"सगळ्या बाभळींवर, एकाच उंचीला? पुराचं आहे ते. मी पोराला घेऊन वर टेकाडावर राहणार."

"अन् माझं जेवण?"

"भूक लागली की चढून या."

तिने पहार घेतली. खाली एक झोपडी उभी राही, तेवढ्या वेळात वर खांबाचा एक खड्डा होई. हाताला फोड आले; तिने चिंध्या बांधल्या. पाण्याची घागर घेऊन चढताना दिसली की बायका विचारत, "काय नाइकीणबाई, स्वर्ग किती राहिला?"

"थोडाच. तुमच्यासाठीही जागा करतेय," ती म्हणे आणि पाय उचले. तिचं छप्पर शाकारून झालं, तरी ती थांबली नाही. शेजारची जमीन सपाट करू लागली.

पावसाळ्यात वरच्या डोंगरात ढग फुटले. सकाळी नदी झोपड्यांच्या दाराशी आली. पाणी जवळ असावं ही सर्वांची इच्छा तिने जरा जास्तच मनावर घेतली. माणसं पोरं आणि गाठोडी घेऊन टेकाडावर धावली. गुरंही आली. दुपारपर्यंत खाली एकही झोपडी उरली नव्हती.

नाईक भिजलेला आला. पोर कोरड्या घोंगडीत झोपलं होतं. त्याने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. मग, चारचौघांत मान राहावा म्हणून, खाकरून म्हणाला, "कौल पुन्हा घ्यावा म्हणतो."

"घ्या की," नाइकीण म्हणाली, "पण आधी ही पहार घ्या."

गाव आजही टेकाडावर आहे. पाणी लांब पडतं अशी कुरकुर रोज चालते. कुरकुर करायला माणसं शिल्लक आहेत.

तात्पर्य एवढंच: कुठे राहावं हे गुरांना जरूर विचारावं, पण मनासारखं उत्तर मिळेपर्यंत विचारत बसू नये.