आडव्या वाढीचा चाफा

खाडीवर पूल नव्हता आणि गावात घड्याळ नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. कोंडवेळ गावात धाकू गुरव राहायचा. देवळाला फुलं पुरवणं हे त्याचं काम. फूल बघून चाफा काय, कुणीही ओळखेल. धाकू नुसत्या वाढीवरून ओळखायचा. डोळे मिटून बेचक्यातून हात फिरवायचा आणि सांगायचा, हा सरळ वर जाणारा, हा छत्रीसारखा पसरणारा, हा जमिनीलगत सरकणारा. असं म्हणतात.

त्या गावची एक रीत होती. दर्यावर गेलेला माणूस परत आला नाही, की त्याच्या नावानं टेकाडावर चाफ्याची फांदी लावायची. येसू कोळणीनं आपल्या पोराच्या, नारूच्या नावानं लावली होती. रोज सकाळी ती त्याची फुलं आणायची आणि त्याच्याशी चार शब्द बोलून यायची.

एका पौषात वादळ आलं आणि टेकाडावरचे सगळे चाफे मोडून खाली एकत्र पडले. पान नाही, फूल नाही, कुणाचा कुठला कळेना. मग गावानं ठरवलं, शिमग्याला सगळे होळीवर घालू आणि नव्या फांद्या लावू. गाव ठरवतं तेव्हा असंच ठरवतं.

होळी पेटवायच्या दिवशी येसू समोर येऊन बसली. "ह्यात माझा नारू आहे. नवी फांदी म्हणजे नारू नव्हे," म्हणाली. पण कुठला, हे तिलाही सांगता येईना. तिनं आजवर फुलंच पाहिली होती.

धाकूनं विचारलं, "येसूबाय, फुलं काढताना हात वर करायचीस, की वाकायचीस?"

"बसूनच काढायची," येसू म्हणाली. "पोर मांडीशी आल्यासारखं वाटायचं."

धाकू होळीवर चढला. डोळे मिटून एकेक फांदी चाचपत गेला. उभ्या वाढीची बाजूला, छत्रीची बाजूला. शेवटी तळातून त्यानं एक ओढून काढली. तिचं एक अंग मातीला टेकून चपटं झालेलं, आणि डहाळ्या सगळ्या दुसऱ्या अंगानं वर वळलेल्या. लोक ती उभी रोवायला निघाले, तर धाकूनं अडवलं. "ती मोडून आडवी झालेली नाही, तिची वाढच तशी. निजवून लावा."

मग घरोघरी तोच प्रश्न विचारला गेला, ज्याची त्याची फांदी ज्याला त्याला मिळाली, आणि त्या वर्षी होळीला नुसत्या शेण्या आणि पालापाचोळा उरला.

पाडव्याला नारूचा चाफा पानांआधीच फुलला आणि येसू बसताच फुलं आपसूक तिच्या मांडीत पडली, असं म्हणतात. मी तेव्हा नव्हतो, तुम्हीही नव्हता, तेव्हा वाद कशाला घाला.

धाकूला जाऊन आता कैक पिढ्या झाल्या. पण कोंडवेळात आजही होळी रचून झाली, की गावातली सगळ्यांत म्हातारी बाई पुढे येते, लाकडांवरून हात फिरवते आणि विचारते, "धाकू, ह्यात आपलं कुणी नाही ना?" ढोल थांबतात. उत्तर कधी आलेलं नाही, तरी ते ऐकायला थांबल्याशिवाय तिथे होळी पेटत नाही.